मासोळीचा न सांगितलेला काटा

हे मी बायकोच्या सांगण्यावरून लिहितो आहे. सांगण्यावरून म्हणजे हुकमावरून. "जे मले नाई सांगतलं ते आता साऱ्यायले सांगा," असं म्हणून तिने माझ्यासमोर पेन आपटला आणि ती धान वाळवायला अंगणात निघून गेली.

साकोलीला माझं बियाणं-खतांचं दुकान आहे. राहतो जवळच, एकोडीला. घरची धानाची शेती आहे. दुकानात दिवसभर गिऱ्हाईक बोलतं आणि मी ऐकतो. ऐकून ऐकून बोलायची सवयच गेली. लोक याला शांत स्वभाव म्हणतात. मीही तेच म्हणायचो. आता म्हणत नाही.

माझ्या अन्ननलिकेत गाठ होती. साधी गाठ. ती ऑपरेशनने काढली. आज मी भात, पोळी, वांग्याची भाजी, सगळं खातो. शेवट आधीच सांगून टाकतो, कारण मी आजारी असताना असं कुणाचं लिहिलेलं हातात आलं की पहिल्यांदा शेवटचं पान उलटून पाहायचो, माणूस जगला का ते. मी जगलो. आता निवांत वाचा.

एक तुकडा

आमची एकुलती एक मुलगी पल्लवी वरठीला दिली आहे. जावई तिथल्या स्टील कारखान्यात आहेत. पल्लवीला मुलगी झाली तेव्हा ते लेकरू फार अशक्त होतं. नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाहेर पल्लवीची आई रडत होती आणि मला काही सुचत नव्हतं. मी गावी आलो, गावदेवी मातामायसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, पोरीला वाचव, मी जन्मभर मासोळी खाणार नाही.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल. आमच्याकडे गावागावात तलाव. लहानपणापासून जीभ मासोळीवरच वाढलेली. मी तर असा, की रश्शाच्या वासावरून कोणाच्या घरी काय शिजतंय ते सांगायचो. देवीला द्यायला माझ्याकडे याहून आवडतं काही नव्हतं.

लेकरू वाचलं. नाव परी ठेवलं. बाळसं धरलं, रांगायला लागलं. मीही शब्द पाळला, निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की जाळं ओढतात. ऋषी हा माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याचा त्यात वाटा असतो. मी शेत पाहायला तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चाललो होतो. मोहाच्या झाडाखाली त्यांनी तीन दगडांची चूल मांडली होती. वर रोहूचा रस्सा, चिंच घातलेला.

"ये गा, बस," ऋषी म्हणाला.

"मी सोडली आहे."

"मासोळी सोडली, बसनं तं नाई सोडलं!"

मी बसलो. पुढे कित्येक महिने मी मनाशी म्हणत राहिलो की ऋषीनेच आग्रह केला. खोटं आहे. तो मीठ आणायला उठला होता. पहिला तुकडा मी स्वतःच्या हाताने उचलला. दुसराही. तिसऱ्या घासाला काहीतरी छातीच्या मधोमध थांबलं. खाली जाईना, वर येईना. पाठीपर्यंत कळ गेली. मी उठून झाडामागे गेलो, लोटाभर पाणी प्यायलो, तेव्हा कुठे उतरलं.

मला वाटलं, काटा. आणि काटा कशाचा आहे, कोणी टोचला आहे, याविषयी माझ्या मनात जरासुद्धा शंका नव्हती.

भाताचे सुके गोळे

मासोळीचा काटा अडकला की आमच्याकडे एकच उपाय. सुक्या भाताचा गोळा करायचा आणि न चावता गिळायचा, काटा त्यात रुतून खाली जातो. नाहीतर केळं. दुकानाच्या मागच्या खोलीत मी हे दोन्ही केलं. ज्याच्या अन्ननलिकेत आधीच गाठ आहे त्याने न चावता भाताचे गोळे गिळायचे, यापेक्षा मोठा मूर्खपणा मला अजून सुचलेला नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. बाहेरून गिऱ्हाईक हाक मारायचं, "शेठ, युरिया आहे का?" आणि मी आतून छातीवर मुठी मारत "आहे, आहे" म्हणायचो.

लाखांदूरच्या बाजूला एका खेड्यात काटा उतरवणारे एक आजोबा आहेत असं कळलं. घरी कंपनीच्या मीटिंगचं सांगून एसटीने गेलो. आजोबांनी गडव्यातल्या पाण्यावर फुंकर मारली, मला पाजलं, पाठीत एक सणसणीत थाप दिली आणि जाहीर केलं, "निंगाला!" परतीच्या वाटेवर मी बसस्टॅंडवरचं भजं खाल्लं. गरम, मऊ भजं होतं, हळूहळू उतरलं. मी खूश.

संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. परीला ताप आहे.

माझ्या डोक्यात त्या क्षणी जे जुळलं ते आज लिहितानाही लाज वाटते. शपथ मी मोडली, शिक्षा काट्याच्या रूपाने माझ्या छातीत होती. ती मी काढून फेकली. मग ती जाणार कुठे? ज्या लेकरासाठी शपथ घेतली तिच्याकडेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना घास पुन्हा अडकला, आणि तुम्ही विश्वास ठेवा, मला हायसं वाटलं. काटा परत आला! त्याच संध्याकाळी परीचा ताप उतरला. लेकरांना येतो तसा साधा ताप, औषधाने उतरला. पण मी माझा हिशेब पक्का केला होता. हे दुखणं आपलं, ते आपल्याकडेच राहू द्यायचं. डॉक्टरकडे जायचं नाही. कोणाला सांगायचं नाही.

मी शिकलेला माणूस आहे. कोणतं औषध कोणत्या किडीवर चालतं ते मी रोज लोकांना समजावतो. तरी मी हे केलं.

सुमनचं ताट

माझी बायको सुमन आणि मी लग्नापासून रात्रीचं जेवण एकत्र घ्यायचो. आमच्या घरात बोलणं जे काही व्हायचं ते तेव्हाच, तेही ती बोलायची. आता मला तिच्यासमोर जेवायची भीती वाटू लागली. घास अडकला की माझा चेहरा बदलायचा, उठून बाहेर पळावं लागायचं. म्हणून मी कारणं काढली. भूक नाही. दुकानात खाल्लं. तू जेवून घे, मी नंतर घेतो. मग ती आत गेली की उभ्याने थोडा पातळ भात, त्यावर पाणी, पुन्हा पाणी.

तिने आधी मीठ कमी केलं. मग तिखट कमी केलं. मग वाढवलं. माहेराहून चिन्नोर तांदूळ आणला, ज्याच्या वासाने शेजारी विचारायला यायचे. मी दोन घास खाऊन ताट सारलं.

"काहून? चांगला नाई झाला?"

"चांगला आहे."

"मंग खा ना."

"झालं माझं."

ती त्या ताटाकडे बघत बसली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. त्या रात्री ती जेवली की नाही हे मी पाहिलंही नाही. गाठीचं दुखणं मी विसरलो आहे, ते शरीर विसरतं. हे ताट विसरलो नाही.

अंग वाळत गेलं. कॉलर गळ्याभोवती सैल पडली. लोक म्हणायचे, साखर तपासा. मी म्हणायचो, तपासली. तपासली नव्हती.

परीने भरवलेला घास

माझा कारभार उघडकीला आणला परीने. आम्ही वरठीला गेलो होतो. तिला नुकतं दुसऱ्याला भरवायचं वेड लागलं होतं. बाहुलीला, मांजराला, भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा. पोळीचा मोठा तुकडा तिने मुठीत चुरगळला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आबा, आ."

तिला नाही कसं म्हणणार? मी आ केला.

तो तुकडा तिथेच, छातीच्या मधोमध बसला. लाळही खाली जाईना. मी मोरीकडे धावलो. पल्लवी मागोमाग आली. मी भिंत धरून वाकलेला, तोंडातून फेस. सगळं बाहेर पडल्यावर मी नेहमीच्या सवयीने तोंड पुसलं आणि म्हणालो, "ठसका लागला."

पल्लवी माझ्यावर गेलेली नाही, आईवर गेली आहे. "बाबा, हा ठसका नाई. हे कधीपासून आहे?"

"आजच."

"तुमाले खोटं बोलता येत नाई तं कायले बोलता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला आणि सुमनला घेऊन भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे हजर.

निदानाचा दिवस

घशात कडू फवारा मारतात, घसा लाकूड होतो, मग दुर्बीण घालतात. ओकारी येते, डोळे वाहतात, पण फार वेळ चालत नाही. ज्यांना करायची आहे त्यांनी याची धास्ती घेऊ नये. मला दुर्बिणीची धास्ती नव्हतीच. मला भीती होती की डॉक्टर चिमट्यात काटा धरून बाहेर येतील आणि सुमनला दाखवतील.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. मला राहवलं नाही. "काटा दिसला का?"

"कसला काटा?" डॉक्टर.

"कोनता काटा?" सुमन.

मी दोघांकडे पाहिलं. "म्हणजे... बोराची बी. एकदा गिळल्या गेली होती."

डॉक्टर हसले. म्हणाले, बी नाही, काटा नाही. आतलं अस्तर अगदी नितळ आहे. पण अन्ननलिकेच्या भिंतीत गाठ आहे, ती आत फुगवटा देऊन वाट अडवते आहे. साधी असावी असं दिसतं. सीटी स्कॅन करा आणि नागपूरला छातीच्या सर्जनना दाखवा.

गाठ हा शब्द ऐकल्यावर 'साधी असावी' हे शब्द कोणाच्या कानात शिरतात? सुमनने पदर तोंडाशी धरला. पल्लवीने तिचा हात घट्ट पकडला. आणि मी काय विचार करत होतो? काटा कुजून त्याचीच गाठ झाली असणार. शिक्षा मोठी झाली.

परतीच्या वाटेवर गाडीत सुमनने एवढंच विचारलं, "बोरं तं तुमाले आवडतच नाई."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

नागपूरच्या मॅडम

सर्जन एक बाई होत्या. बुटक्या, भरभर बोलणाऱ्या, आणि रोग्याने घाबरून केलेल्या प्रश्नावरही आधी हसणाऱ्या. त्यांनी स्कॅन उजेडासमोर धरला.

"ही अन्ननलिकेच्या स्नायूची गाठ आहे. अशा गाठी फार सावकाश वाढतात. पूर्ण खात्री गाठ काढून तपासल्यावरच होईल, पण मला ही साधीच दिसते. त्रास देते आहे म्हणून काढायची. त्रास नसता तर नुसती नजर ठेवली असती."

"किती सावकाश वाढते?" मी विचारलं.

"वर्षानुवर्षं. ही काही काल-परवाची नाही. आठवून बघा, आधी कधी घास अडकला होता?"

मी आठवू लागलो आणि आठवलं. पल्लवीच्या लग्नात, पंगतीत व्याह्यांनी आग्रहाने जिलेबी भरवली होती. ती अशीच छातीत बसली होती. मी तेव्हाही मांडवामागे जाऊन पाणी प्यायलो होतो. पल्लवीचं लग्न! परीचा तेव्हा पत्ता नव्हता. नवस नव्हता. शपथ नव्हती. ऋषीचा रस्सा तर कितीतरी पुढचा.

मी हसायला लागलो. थांबेचना. गाठ आहे असं सांगितलं जातंय, ऑपरेशनची भाषा चालली आहे आणि मी खुर्चीत बसून हसतो आहे. सुमन घाबरली. "मॅडम, यायच्या डोक्शात तं नाई ना गाठ?"

मॅडमही हसल्या. मग त्यांनी ऑपरेशन समजावलं. उजव्या कुशीत छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून जायचं. अन्ननलिकेचं बाहेरचं स्नायूचं आवरण उभं चिरायचं, गाठ सोडवून अख्खी बाहेर काढायची, आणि आतलं नाजूक अस्तर फाटू द्यायचं नाही. शेंगेतला दाणा काढायचा, पण आतला पापुद्रा शाबूत.

"लाखोळीच्या शेंगेसारखं," सुमन म्हणाली.

"बघा, तुम्हाला कळलं," मॅडम म्हणाल्या. "यांना घरी परत समजावून सांगा."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी

परीच्या काळजीचं ओझं उतरलं होतं, पण सुमनचं राहिलं होतं. ती पलंगाजवळ स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. मला उद्या भूल देणार. उठलो नाही तर ती जन्मभर समजणार की या माणसाला शेवटच्या दिवसांत माझ्या हातचं गोड लागेना. हे मला सहन होईना. पण तोंड उघडायचं कसं, याची मला सवयच नव्हती.

"सुमन, एक सांगायचं आहे."

तिचा हात थांबला. मी कधी असं सुरू करत नाही. तिने वाईटात वाईट ते धरलं. "कोन आहे ते बाई?"

"मासोळी."

"मासोळी?"

"खाल्ली. ऋषीसंगं. नवस मोडला."

आणि मग मी सगळं सांगितलं. काटा, भाताचे गोळे, लाखांदूरकडचे आजोबा, परीचा ताप, दुकानातल्या मुठी, तिच्यासमोर न जेवण्याची कारणं, बोराची बी. लग्न झाल्यापासून एका दमात इतकं मी तिच्याशी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मला दम लागला.

अर्धवट सोललेली मोसंबी मांडीवर. मग तिचा आवाज चढत गेला.

"मासोळी खाल्ली, ते देवी पाहून घेईल. वर्षभर मी रडली, ते कोन पाहील? चुलीवरचं आवडत नाई म्हून गॅसवर केलं. गॅसवरचं आवडत नाई म्हून पुन्हा चुलीवर केलं. शेजारची म्हने, नवऱ्याचं मन उडालं. मी तिच्यासंगं भांडली! भांडून घरी आली आन् मलेच वाटे, खरंच उडालं असन. आन् तुमी मागच्या खोलीत केळी गिळून राह्यले होते?"

"पोरीले काही होईल म्हणून..."

"पोरीची आजी मेली होती का? देवीले सांगायच्या पयले मले सांगायचं."

बाजूच्या पलंगावर एक म्हातारे काका होते, पोटाचं ऑपरेशन झालेले. ते दोन्ही हातांनी पोट दाबून म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे, पन हसवू नका. माहे टाके तुटतील."

सुमन त्यांच्याकडे वळली. "काका, तुमी सांगा, बोराची बी!" काकांनी उशी तोंडावर घेतली. सिस्टर धावत आली. वॉर्डभर हसू पसरलं. हसली नाही ती फक्त सुमन. मोसंबी टेबलावर ठेवून ती बाहेर व्हरांड्यात गेली.

सकाळीही बोलली नाही. माझे कपडे घडी केले, घड्याळ काढून घेतलं, कपाळाला अंगारा लावला, सगळं मुक्याने. मला वॉर्डबॉयने ट्रॉलीवर घेतलं. छताचे दिवे सरकू लागले. दाराशी ती पुढे आली, माझ्या कानाशी वाकली.

"परत या. माहं बोलून झालं नाई."

भुलीची सुई टोचली तेव्हा मी हसत होतो, असं मला नंतर सांगण्यात आलं.

नळी, बाटली आणि तीन चेंडू

जागा झालो तेव्हा उजव्या कुशीतून एक नळी निघून खाली बाटलीत गेली होती. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली व्हायचं. पहिल्या दिवशी त्या नळीने जितका छळ केला तितका टाक्यांनी केला नाही. खोकायचं म्हणजे उशी छातीशी कवटाळून, देवाचं नाव घेऊन. ही उशीची युक्ती लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे.

फुप्फुसासाठी एक प्लॅस्टिकचं खेळणं देतात. त्यात तीन चेंडू. नळी तोंडात धरून हवा ओढायची, चेंडू वर गेले पाहिजेत. माझा पहिल्या दिवशी एकही हलेना. काका त्यांचं खेळणं घेऊन बसलेले. "भाऊ, माहे दोन गेले. तुमचं काय?" म्हाताऱ्याने मला हरवलं म्हणून मी जिद्दीने ओढायला लागलो. छाती अशीच मोकळी झाली.

सर्वांत कठीण होतं ते पाणी. तोंडाने थेंबही नाही. ओठांवर ओला कापूस फिरवायचे, तो मी लेकरासारखा चोखायला बघायचो. शेजारच्या चहाचा वास आला की डोळे मिटून घ्यायचो. आणि वर्षभर मी लोटा लोटा पाणी पीत होतो, तेव्हा त्याची चव काय असते हे एकदाही पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस खाली नेऊन औषध पाजून फोटो काढले, अन्ननलिका कुठे गळते का ते बघायला. मॅडम पडद्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या वळल्या. "सरळ खाली गेलं. कुठे थेंब सांडला नाही. आता पाणी प्या."

वॉर्डात परत आल्यावर सुमनने चमच्याने पाणी दिलं. तोंडात धरलं. गिळलं. कुठेही न थांबता, न अडखळता ते खाली गेलं. मी खालपर्यंत त्याचा गारवा मोजत होतो. "अजून," मी म्हणालो.

"मॅडमने हळू सांगतलं," ती म्हणाली. ट्रॉलीनंतरचे तिचे माझ्याशी हे पहिले नीट शब्द. आणि मग तिने खुर्ची ओढली, पदर खोचला आणि राहिलेलं बोलून घेतलं. चांगलं तासभर. मी अंथरुणात नळीला बांधलेला, कुठे जाऊ शकत नव्हतो. मधे मधे काका "हो बाई, खरं आहे" म्हणत होते. इतकी सुखाची बोलणी मी आयुष्यात खाल्ली नाहीत.

सगळ्यांना कळलं

तपासणीचा अहवाल आला. साधी गाठ. मॅडमनी मोबाईलवर फोटो दाखवला. लिंबाएवढी, पांढुरकी, गुळगुळीत, एका बाजूने वाकलेली. सुमनने निरखून पाहिलं. "एवढीशी! आन् मी शेजारणीसंगं भांडली."

बोराच्या बीची गोष्ट माझ्याआधी गावी पोचली होती. सुमननेच फोनवरून पोचवली. पल्लवीने व्हिडिओ कॉल केला, तर मागे परी जमिनीवर बसून दोन्ही हातांनी झिंग्याची भाजी खात होती. नाकापर्यंत रस्सा.

"बाबा, जिच्यासाठी सोडली तिला पाहा. दुसरी वाटी आहे."

"तू तिला देते?"

"ती मांगते! आजोबाचं नाक घेतलं असन तिनं."

घरी आल्यावर ऋषी आला. दारातूनच ओरडला. "का गा, माह्या मासोळीचं नाव खराब केलंस! साऱ्या तालुक्यात म्हनून राह्यले, ऋषीच्या रश्शानं गाठ होते." मग जवळ बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मले तरी सांगतलं असतं."

दुकान उघडल्यावर गिऱ्हाईकं खत घ्यायला कमी आणि माझ्या कुशीवरचे व्रण पाहायला जास्त यायची. पण एक गंमत झाली. सांगता सांगता लोक आपलंही सांगू लागले. कोणाला वर्षभर जळजळ, कोणाच्या आईचा घास अडकतो, कोणी बायकोला न सांगता गोळ्या खातो. मी त्यांना एकच म्हणतो, आधी घरात सांगा, मग डॉक्टरकडे जा, आणि ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात करा. माझी गाठ साधी निघाली, हे माझं नशीब. मी ज्या प्रकारे वागलो त्यात वाईट गाठही तितकीच निवांत वाढली असती.

मातामायकडेही जाऊन आलो. सुमनच बोलली, मी नुसता हात जोडून उभा होतो. काय बोलली ते मला सांगितलं नाही. म्हणाली, "आमचं बायकाबायकांचं आहे."

जेवण

सुरुवातीला पातळ पेज, मग मऊ भात, मग कुस्करलेली पोळी. लहान घास, खूप चावणं. ऑपरेशननंतर काही दिवस आतली सूज असते, त्यामुळे कधी कधी घास थोडा रेंगाळतो. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, घाबरायचं नाही.

परवा संध्याकाळी आम्ही दोघं जेवायला बसलो. सुमन तिच्या भावाच्या घरच्या लग्नाचं सांगत होती, कोणी काय नेसलं, कोणाला पंगतीत बसायला जागा मिळाली नाही. मी मान हलवत होतो. वांग्याच्या भाजीचा घास मी जरा घाईत गिळला आणि तो रेंगाळला. तीच जुनी जागा. माझा हात आपोआप ताटाच्या कडेला गेला, पाय उठायला निघाले. इतक्या दिवसांची सवय.

मी पुन्हा खाली बसलो.

"सुमन, थांब. अडकला."

ती बोलता बोलता थांबली. पाण्याचा गिलास सरकवला. मी दोन घोट घेतले. ती माझ्या छातीकडे बघत होती, जणू तिला आतलं दिसणार आहे.

"गेला?"

"गेला."

"हळू खा," ती म्हणाली, आणि लग्नाची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगू लागली.